प्रत्येक बाणाला पुरावा: लातूरच्या मुलांनी काढलेलं अरबी समुद्राचं अन्नजाळं

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. परिसंस्थेच्या धड्यात समुद्री अन्नजाळ्याची आकृती असते. खाली वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती), वर शार्क, मधे चार-दोन मासे आणि त्यांना जोडणारे बाण. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत सुबक काढतात आणि गुण मिळवतात. पण त्यातला एखादा बाण कुणी शोधला, कसा शोधला, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. शिवाय आकृतीतले मासे बहुतेकदा उत्तर अटलांटिकचे असतात, हेरिंग आणि कॉड. आपल्या बाजारात येणाऱ्या बांगड्याचा किंवा बोंबलाचा त्यात पत्ता नसतो.

म्हणून एका वर्षी प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. कोकण किनाऱ्यासमोरच्या समुद्रात कोण कोणाला खातं याचा नकाशा आपण स्वतः काढायचा. अट एकच: ज्याचा पुरावा देता येईल तोच बाण पक्का. पोटात भक्ष्य आपण डोळ्यांनी पाहिलं असेल तर बाण काळ्या शाईने. याच किनाऱ्यावर कुणी तसा अभ्यास करून छापला असेल तर निळ्या शाईने. दात, तोंड, कल्ले पाहून किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माहितीवरून अंदाज केला असेल तर पेन्सिलने, तुटक रेषेत. बाणाचं टोक खाणाऱ्याकडे, कारण ऊर्जा तिकडे जाते. हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पहिलं काम हद्द ठरवण्याचं. ‘अरबी समुद्र’ म्हणून नकाशा निघत नाही, एवढ्या मोठ्या पाण्यात एकच जाळं नसतं. बोंबील हा मुळात सौराष्ट्र आणि उत्तर कोकणचा मासा. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यांत तो भरभरून येतो, आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला फारसा सापडत नाही. सुरमई, बांगडा, तारली यांचं तसं नाही. पालघरचा बोंबील आणि मालवणची तारली एकाच चित्रात काळ्या शाईने जोडणं खोटं ठरलं असतं. आम्ही रत्नागिरीसमोरचा, साधारण 50 मीटर खोलीपर्यंतचा पट्टा घेतला. बोंबलाला जागा दिली, पण त्याच्या चौकटीची रेष तुटक ठेवली.

हद्द आखताना मांजराकाठच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, आपल्या नदीचं पाणी ह्यात कुठं येतंय?” येत नाही. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला. आपल्या रानातून वाहून गेलेली माती तिकडच्या प्लवकांच्या वाट्याला येते. आपल्या बाजारातले सुके मासे पश्चिमेचे आणि आपलं वाहून गेलेलं पाणी पूर्वेचं. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा ही मुलं शाळेत होती. नदी कुठे जाते याचा विचार त्यांना परका नाही, त्यामुळे ही चर्चा तास संपला तरी थांबेना.

समुद्राकडे जाण्याआधी हात बसायला हवा होता. जवळच्या साठवण तलावातले मासे आणून सुरुवात केली. कटला वरच्या थरात प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाचा गाळ चाळतो. हे तिघे आणि मरळ एका ओळीत ठेवून आतडी काढली की पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर येतं. रोहू आणि मृगळाचं आतडं वेटोळ्यांवर वेटोळी घातलेलं, शरीराच्या कितीतरी पट लांब. शिकार करणाऱ्या मरळीचं आखूड. पोट न फाडताही मासा काय खात असेल याचा निम्मा अंदाज अशा खुणांवरून करता येतो, पण आमच्या नियमाप्रमाणे तो अंदाज पेन्सिलीतच राहतो.

वर्गात माळकरी घरचा एक मुलगा होता. मासा हाताळणार नाही, असं त्याने आधीच सांगितलं. त्याच्याकडे सारणी आणि आकडेमोड दिली. पुढे सगळ्या प्रकल्पाचा कणा तोच झाला.

मराठवाड्यात समुद्र नाही, पण आठवडी बाजार आहे आणि बाजारात सुकटीचा ढीग आहे. मला वाटतं, आमच्या भागातल्या कुठल्याही महाविद्यालयाला समुद्रशास्त्राची याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही. पावशेर सुकट आणली, कोमट पाण्यात भिजवली, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरली आणि चिमट्याने निवडायला बसलो. बहुतेक सगळा जवळा, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा इवला जीव. भिंगाखाली त्याचे चालायचे पाय मोजले तर तीनच जोड्या भरतात, कोळंबीसारख्या पाच नाहीत. जवळा ओळखायची ही खात्रीची खूण. निवडता निवडता एक मुलगी ओरडली, “मॅडम, ह्यात बारके मासे बी हायत की!” होतेच. मांदेलीची पिल्लं, करंदीचे तुकडे, खेकड्याच्या नांग्या, ओळखू न येणारे चपटे इवले मासे. एका जाळ्यात एकत्र आले म्हणजे ते एका पाण्यात राहत होते एवढंच यातून कळतं. कोण कोणाला खात होतं ते नाही. पण यादी इथून सुरू झाली.

सुक्या बोंबलाचं पोट उपयोगाचं नव्हतं, तोंड मात्र होतं. जबडा भिजवून उघडला तर आत मागे वळलेल्या सुयांसारख्या दातांच्या रांगा. आत गेलेलं भक्ष्य बाहेर निसटू नये अशी ती रचना. इतका मऊ, पाणीदार मासा इतका कडवा शिकारी असेल हे मुलांना आधी पटेना. जवळा हे बोंबलाचं मुख्य खाद्य, शिवाय छोटे मासे, आणि प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लं, असं त्याच्यावर झालेले अभ्यास सांगतात. हे बाण निळे.

मग रत्नागिरी. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो. औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. बहुतेक मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. त्यांना तासभर किनाऱ्यावर मोकळं सोडलं, कारण त्याआधी कामाचं काही बोलण्यात अर्थ नव्हता. कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आणि संग्रहालय पाहिलं. बाटल्यांतल्या नमुन्यांवरून नावं पक्की करून घेतली आणि पहाटे मिरकरवाडा बंदरावर गेलो.

बंदरावर विद्यार्थ्यांना वाटतं तसं काही नसतं. कुणाला थांबायला वेळ नसतो. टोपल्या उतरतात, लिलाव होतो, बर्फ पडतो, माल निघून जातो. आम्ही एका कडेला उभे राहिलो. एका म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, मुलांनी चाचा म्हणून हाक मारली आणि काय करायचंय ते सांगितलं. त्यांनी जे सांगितलं त्याने आमचं वेळापत्रक बदललं. ट्रॉलरच्या जाळ्यात मासे बराच वेळ कोंडलेले असतात. त्या वेळात मोठे मासे शेजारच्या लहानांना गिळतात, आणि वर खेचताना दाब कमी झाला की कित्येकांची पोटं तोंडातून उलटी होतात. जाळ्यातच गिळलेला मासा घशापाशी ताजा, अख्खा, खवल्यांसकट सापडतो. तो समुद्रातल्या जेवणाचा भाग नव्हे. संशोधनाच्या पुस्तकांतही हीच सावधगिरी लिहिलेली आहे, पण चाचांनी ती मासा हातात घेऊन दाखवली. त्यानंतर घशात सापडलेलं आम्ही वेगळं लिहिलं आणि मोजणीत फक्त जठरातलं धरलं.

सुरमई विकत घेणं परवडणारं नव्हतं. मासळी बाजारात गिऱ्हाइकांना मासे कापून देणाऱ्या मावश्या होत्या, त्यांच्याशी बोललो. कापण्याआधी आम्ही माशाची लांबी मोजायची, मग त्यांनी पोट काढून आमच्या पिशवीत टाकायचं. त्यांच्या दृष्टीने तो कचरा होता. त्या स्वतः मात्र पोट हाताला लागताच बोटांनी चाचपून आत काय आहे ते सांगायच्या. मोठी सुरमई असेल तर तारली. वाकटी असेल तर काहीही, स्वतःची पिल्लंसुद्धा. अशा अनुभवी हातांचं सांगणं कुठल्या शाईत लिहायचं यावर मुलांचा वाद झाला. शेवटी त्यासाठी चौथी शाई केली, हिरवी. माझ्या मते तो त्या प्रकल्पातला सगळ्यात चांगला निर्णय होता आणि तो मुलांनी घेतला.

मासा मेला तरी जठरातले पाचक रस काम करत राहतात, म्हणून पोटं ताबडतोब बर्फात आणि मुक्कामी पोचताच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची. हातमोजे घालून, उघड्या व्हरांड्यात. प्रत्येक बाटलीत माशाचं नाव, लांबी आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाकायची, आणि ती पेन्सिलने लिहायची, कारण शाई द्रवात उतरते.

परत आल्यावर प्रयोगशाळेत खरं काम सुरू झालं. पोटात अख्खा प्राणी क्वचितच मिळतो. मऊ शरीर लवकर विरघळतं, कठीण अवयव टिकतात. माकुलाची काळी चोच टिकते, कोळंबीच्या कवचाचे तुकडे टिकतात आणि माशांच्या कानातले चुन्याचे खडे टिकतात. या खड्यांचा आकार प्रत्येक जातीत वेगळा असतो. ढोम्याच्या कुळातल्या माशांचे तर चांगलेच मोठे. मुलांनी बाजारातून ओळखीचे मासे आणून त्यांचे खडे काढले, काळ्या कागदावर चिकटवले आणि तुलनेसाठी तक्ता केला. मग वाकटीच्या पोटातला नुसता खडा पाहून ढोमा ओळखता येऊ लागला. खड्याच्या लांबीवरून खाल्लेला मासा केवढा होता हेही काढता येतं.

बांगडा आणि तारलीच्या बाबतीत उघड्या डोळ्यांना काही दिसत नाही, सगळा हिरवट-तपकिरी लगदा. त्यांच्या कल्ल्यांवर कंगव्यासारखे बारीक दाते दाटीने असतात आणि ते पाण्यातून अन्न गाळून घेतात. लगद्याचा थेंब काचपट्टीवर घेतला की सूक्ष्मदर्शकात डायटम, म्हणजे एकपेशीय वनस्पतिप्लवक, दिसू लागतात. कॉसिनोडिस्कसच्या गोल चकत्या, लांबट पेशींच्या साखळ्या, आणि कोपेपॉड या बारीक प्राणिप्लवकाचे तुटलेले पाय. डायटमचं कवच सिलिकाचं, ते पचत नाही, म्हणून मोजता येतं. तारलीच्या पोटात डायटम पाहिले तेव्हा आमच्या नकाशावरचा सगळ्यात खालचा काळा बाण काढला. त्या दिवशी वर्गात सगळे मोठमोठ्याने बोलत होते आणि मी कुणाला गप्प केलं नाही.

पापलेटने मात्र काही सांगितलं नाही. 2023 मध्ये महाराष्ट्राने राज्य मासा म्हणून मान दिलेला हा मासा मऊ जिवांवर, प्राणिप्लवकांवर जगतो. त्याच्या घशामागे आतून काटेरी पिशव्या असतात, त्यांत अन्न आधीच भरडलं जातं. जठरात उरतो तो ओळखू न येणारा लगदा. महागाचा मासा, म्हणून थोडेच आणले होते. त्याचे सगळे बाण निळे राहिले.

रिकामी पोटंही पुष्कळ निघाली. ती टाकून द्यायची नाहीत, नोंदवायची. किती मासे उपाशी सापडले हीसुद्धा माहितीच आहे.

कोणतं भक्ष्य किती महत्त्वाचं हे ठरवताना संख्या फसवते. एका पोटात जवळ्याचे शंभर जीव आणि एकच तारली असेल तर संख्येने जवळा मोठा, वजनाने तारली. यासाठी 1971 साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या ट्यूना वगैरे माशांच्या अभ्यासात वापरलेलं सूत्र आजही चालतं: संख्येची टक्केवारी आणि घनफळाची टक्केवारी यांची बेरीज करायची आणि तिला किती टक्के पोटांत ते भक्ष्य आढळलं त्या आकड्याने गुणायचं. घनफळाच्या जागी वजनही घेतात. आमच्या माळकरी गणितज्ञाने हे सगळं संगणकावर बसवलं. सारणीत उभ्या रांगांत खाणारे, आडव्या ओळींत खाल्ले जाणारे. तीस नावं घेतली तर 900 चौकोन होतात. त्यातले बहुतेक रिकामे राहतात आणि तसेच राहायला हवेत.

इथे आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते समुद्र समजायला हाच भाग महत्त्वाचा आहे. सुरमईचा खण एकच ठेवावा की नाही? मोठी सुरमई तारली खाते. पण सुरमईची अंडी पाण्यात तरंगतात आणि त्या अंड्यांना, नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना तारली आणि जेलीफिश गिळू शकतात. जमिनीवर हरणाने लांडग्याचं पिल्लू खाल्ल्याचं ऐकिवात नाही. समुद्रात मात्र कोण कोणाला खाणार हे जातीपेक्षा आकारावर ठरतं. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ अलिस्टर हार्डी यांनी 1924 मध्ये उत्तर समुद्रातल्या हेरिंगच्या खाद्याचा जो नकाशा काढला, त्यात हेरिंगचे वाढीचे टप्पे वेगवेगळे दाखवले आहेत. मुलांना तो दाखवल्यावर त्यांनी सुरमई, वाकटी आणि बोंबलाचे प्रत्येकी दोन खण केले, लहान आणि मोठा. बाण वाढले, काही उलटे फिरले, आणि चित्र प्रथमच समुद्राचं वाटू लागलं.

मग पोषण पातळी, म्हणजे अन्नजाळ्यात कोण कितव्या पायरीवर आहे ते. वनस्पतिप्लवकांची पातळी 1. खाणाऱ्याची पातळी म्हणजे त्याच्या भक्ष्यांच्या पातळ्यांची, खाण्यातल्या वाट्यानुसार काढलेली सरासरी, अधिक 1. समजा बोंबलाच्या खाण्यात 60 टक्के जवळा आहे, त्याची पातळी 2.5, आणि 40 टक्के छोटे मासे, त्यांची 3. मग 1 + 1.5 + 1.2 म्हणजे 3.7. पण बोंबील बोंबलालाही खातो, तेव्हा काय? जवळा 50 टक्के, छोटे मासे 40 टक्के आणि स्वतःची जात 10 टक्के धरली तर उत्तरच प्रश्नात येऊन बसतं. पातळी = 3.45 + पातळीचा दहावा भाग. सोडवलं की साधारण 3.83. दहावीच्या बीजगणिताने मासा कुठल्या मजल्यावर राहतो ते काढता येतं, याचा मुलांना झालेला आनंद मी विसरणार नाही. खण एकच ठेवून हे गणित करावं लागतं. लहान-मोठे वेगळे केले की हाच बाण लहान बोंबलाकडून मोठ्याकडे जातो.

एका पातळीवरून पुढच्या पातळीवर साधारण दहावा भाग ऊर्जा पोचते. त्या हिशोबाने चौथ्या पातळीच्या एक किलो माशामागे पहिल्या पातळीवर हजार किलो प्लवक लागतात. तारली दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या मधे राहते, तिला याच्या अगदी थोड्या भागात भागतं. स्वस्त मासा आणि महाग मासा यांतला एक फरक या हिशोबातही आहे.

पोट फक्त शेवटच्या काही तासांचं जेवण सांगतं. महिन्यांचा हिशोब हवा असेल तर स्नायूंतल्या जड नायट्रोजनचं (नायट्रोजन-15 या समस्थानिकाचं) प्रमाण मोजतात. ते दर पातळीला हजारी साधारण 3.4 ने वाढतं. त्यासाठी लागणारं यंत्र आमच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून ही बाजू छापील अभ्यासांवर सोडली. डॉल्फिनचंही तसंच. तो कायद्याने संरक्षित, त्याच्या पोटाची माहिती किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यांवरून परवानगी असलेले संशोधकच देऊ शकतात. आमच्या भिंतीवर डॉल्फिनचे सगळे बाण निळे किंवा पेन्सिलीचे आहेत.

सगळ्यात वर माणसाचा खण काढला आणि त्याला जवळपास प्रत्येक माशाकडून बाण आला. खालच्या जवळ्याकडून, वरच्या सुरमईकडून, मधल्या राणी माशाकडून. या भिंतीवर दुसरा कुठलाही शिकारी इतक्या पातळ्यांवर एकाच वेळी खात नाही. एक शिकारी काढून घेतला तर काय होतं हे परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामासे उचलून फेकून तपासलं होतं. 1966 च्या त्यांच्या निबंधात खडकावरच्या 15 जातींच्या 8 झाल्याची नोंद आहे. उरलेली जागा शिंपल्यांनी व्यापली. आमच्या नकाशावरून असं भाकीत करता येत नाही, कारण बाण आहे एवढ्यावरून त्याचं बळ कळत नाही. हे मी मुलांना स्पष्ट सांगितलं आणि तळाशी लिहून घेतलं.

आता भिंतीवर तीन जागा कोऱ्या आहेत. जेलीफिशला कोण कोण खातं याचा काळा बाण एकही नाही, कारण तो पोटात टिकत नाही. डायटमच्याही खालचा जीवाणूंचा थर आम्ही एका पट्टीत दाखवला आहे. एक मिलिलिटर समुद्रजलात जीवाणू साधारण दहा लाख असतात, आणि ते खाणाऱ्या सूक्ष्मजीवांमार्फत ती ऊर्जा कोपेपॉडपर्यंत चढते, पण ते पाहण्याइतकं साधन आमच्याकडे नाही. तिसरी जागा पावसाळ्याची. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांची पोटं आमच्याकडे नाहीत. नेमक्या याच काळात नद्यांचं पाणी किनाऱ्याला मिळतं आणि बऱ्याच माशांची वीण होते. पुढच्या वर्गाने ऑगस्टच्या पहिल्या खेपेची पोटं आणायची असं ठरलं आहे. चाचांचा फोन नंबर आणि खड्यांचा तक्ता त्यांच्याकडे दिला आहे.